कार्नोटॉरसचं तुटलेलं शिंग, चिकट अंग आणि ओळीतले खवले

आधी एक काम करा, बाकीचं उत्तर नंतर वाचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कार्नोटॉरस या डायनासोरची ती फिगर, म्हणजे प्लॅस्टिकची छोटी प्रतिकृती, थर्मोकोलच्या खोबणीत झोपवलेली दिसते. तिथून तिला आजच बाहेर काढा. मऊ पीव्हीसी, म्हणजे अशा फिगर ज्याच्या ओततात ते प्लॅस्टिक, आणि थर्मोकोल यांना कधीच चिकटून ठेवू नये. पीव्हीसी लवचिक राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर पाझरतं आणि शेजारी थर्मोकोल असेल तर त्याला विरघळवायला लागतं. मग तो विरघळलेला थर खवल्यांच्या फटींत बसतो आणि ओढून काढायला गेलं की खालचा रंगही सुटून येतो. मांडीच्या मागच्या बाजूला जे पांढरट, चकचकीत डाग दिसताहेत ते मला तसलेच वाटतात. ते नखाने खरवडू नका. फिगर स्वयंपाकघरातल्या बटर पेपरवर उभी किंवा आडवी ठेवा, घरात सावलीत, हवा खेळती असेल तिथे.

आता तुमचा प्रश्न. मामांनी १९९० च्या दशकात अमेरिकेहून येताना आणलेला हा कार्नोटॉरस, वीतभर लांबीचा. आता तो तोंडावर झुकतो, अंग हाताला चिकट लागतं, डाव्या शिंगाचं टोक नाही, पाठीवरचा रंग घासून गेलाय. तुम्हाला कळून घ्यायचंय की तो नावाजलेल्या कंपनीचा आहे की नक्कल, त्याची किंमत काय, आणि दुरुस्त करून नव्याने रंगवून घ्यावा का. शिवाय तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीची हरकत आहे की याच्या पाठीवरचे मोठे खवले ओळीने बसवलेत, तिच्या पुस्तकात ते विखुरलेले आहेत. ते 'बरोबर' करता येतील का, असं तिने तुमच्याकडून विचारून घेतलंय.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात साचेकाम शिकलो आणि गेली २२ वर्षं प्राण्यांच्या फिगर दुरुस्त करतो, शाळांसाठी मॉडेलं घडवतो. तुमच्या मुलीची हरकत शंभर टक्के खरी आहे. आणि तरीही माझं उत्तर आहे, ते खवले तसेच राहू द्या. हे नीट समजण्यासाठी त्या जनावराची हकिकत माहीत हवी.

कार्नोटॉरसचा जगात एकच सांगाडा आहे. १९८४ साली अर्जेंटिनातल्या चुबुत प्रांतात, पोचो सास्त्रे नावाच्या एका शेतावर जीवाश्मशास्त्रज्ञ होसे बोनापार्ते यांच्या मोहिमेला तो सापडला. १९८५ मध्ये बोनापार्ते यांनी त्याला नाव दिलं, कार्नोटॉरस सास्त्रेई. कार्नो म्हणजे मांस, टॉरस म्हणजे बैल. शेतमालकाचं आडनाव मागे जोडलं गेलं. जनावर उजव्या कुशीवर पडलेलं होतं, मान पाठीकडे वळलेली. भोवती हेमॅटाइट या लोहखनिजाचा कठीण गोळा जमला होता, त्यामुळे हाडं सोडवायचं काम फार संथ चाललं. आज तो सांगाडा ब्युनोस आयर्सच्या नैसर्गिक विज्ञान संग्रहालयात आहे.

त्या गोळ्यात हाडांबरोबर कातडीचे ठसेही निघाले. मान, खांदा, बरगड्या, शेपटी अशा ठिकाणचे. मांसाहारी डायनासोरच्या कातडीचे इतके मोठे ठसे तोवर कुणी पाहिलेच नव्हते. डोक्याच्या उजव्या बाजूलाही कातडी टिकली होती, पण कवटी घाईने साफ करताना ती ओळखू आली नाही आणि गेली. माझ्या कामात मी हा प्रसंग कायम डोळ्यांसमोर ठेवतो. आपल्याला 'घाण' वाटणारा थर काय असेल, हे ठरवायला वेळ घ्यायचा असतो.

तर १९८० आणि १९९० च्या दशकांत या ठशांचा अर्थ असा लावला गेला: बारीक, एकमेकांना लागून असलेले बहुकोनी खवले सगळीकडे, आणि त्यात अधूनमधून ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाचे उंचवटे, जे मान, पाठ आणि शेपटीच्या कडेने ओळीत चालत जातात आणि वरच्या बाजूला मोठे होत जातात. अमेरिकी शिल्पकार स्टीफन झेर्कस यांनी लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी पूर्णाकृती कार्नोटॉरस घडवला तो याच समजुतीवर, आणि कातडीवरचं त्यांचं टिपण १९९७ मध्ये छापून आलं. त्या काळात खेळणी घडवणाऱ्यांनी दुसरं काय पाहायचं? ओळीतले उंचवटे हा त्या वेळचा सर्वांत ताजा, सर्वांत प्रामाणिक तपशील होता. तुमच्या फिगरच्या शिल्पकाराने चूक केलेली नाही. त्याने अभ्यास करून ते खवले बसवलेत.

२०२१ मध्ये क्रिस्तोफ हेन्ड्रिक्स आणि फिल बेल या जीवाश्मशास्त्रज्ञांनी तेच ठसे पुन्हा बारकाईने तपासले. तेव्हा निघालं की मोठे खवले ओळीत नाहीत, वाटेल तसे विखुरलेले आहेत. त्यांचा आकार २ ते साडेसहा सेंटिमीटरपर्यंत बदलतो, पण अमुक भागात मोठे होत जातात असा काही क्रम नाही. तुमच्या मुलीच्या पुस्तकात आलंय ते हे. तिला माझ्याकडून शाबासकी द्या. ओळ आणि विखुरणं यातला फरक वीतभर खेळण्यावर पकडणं सोपं नाही. मोठी माणसंही शिंगं आणि दात बघून पुढे जातात.

आता विचार करा, ते ओळीतले उंचवटे आपण घासून काढले आणि पुट्टीने नवे विखुरलेले बसवले, तर हातात काय उरेल? १९९० च्या दशकातली फिगरही नाही आणि आजच्या ज्ञानाचं धड मॉडेलही नाही, कारण बाकीचं अंग जुन्याच समजुतीचं राहणार. त्या फिगरचं मोल तिच्यात आहे की ती एका विशिष्ट काळात माणसांना हे जनावर कसं दिसत होतं ते दाखवते. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांनी त्यांचा जुना सेराटोसॉरस माझ्याकडे आणला, नाकावर शिंग असलेला, शेपूट जमिनीवर टेकवून कांगारूसारखा ताठ उभा. त्यांनी सांगितलं, शेपूट उचला, आता कुणी असं दाखवत नाही. मी शेपूट कापली, आतून तार घातली, आडवी केली, जोड रंगवला. काम सफाईदार झालं होतं. दोन वर्षांनी त्यांनाच कळलं की त्या साच्यातली, त्या उभ्या ठेवणीतली फिगर आता शोधूनही मिळत नाही. ते मला काही बोलले नाहीत, पण ती फिगर आजही माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर मी परत न फिरवता येणारं काम घेणं सोडलं.

मुलीसाठी याहून चांगला उपाय आहे. फिगरखाली एक छोटं कार्ड ठेवा, तिच्याच अक्षरात: ही १९९० च्या दशकातली समजूत, खवले ओळीत, २०२१ पासून आपण ते विखुरलेले मानतो. आणि पुढेमागे जमलं तर शेजारी एक अलीकडची फिगर घ्या. दोन्ही एका फळीवर आली की एकच सांगाडा आणि त्याच्या दोन कातड्या समोरासमोर दिसतील. मला तरी यापेक्षा सुंदर संग्रह सुचत नाही.

फिगर निरखताना आणखी काय बघायचं ते तिला सांगा. कार्नोटॉरसचे हात. वरचं हाड जाडजूड, पण कोपराखालचा भाग त्याच्या जेमतेम पाव, आणि त्याला लगेच पंजा. बोटं चार, त्यातलं चौथं म्हणजे नुसती हाडाची काडी. १९९० च्या दशकातल्या कित्येक खेळण्यांत इथे हमखास तीन बोटांचा नीट हात असतो, कारण शिल्पकाराला इतका खुजा हात विश्वासार्ह वाटत नसे. तुमच्या फोटोत मला हात अंधारात दिसतात, पण बोटं चार वाटतात. तसं असेल तर तुमचा शिल्पकार मनापासून अभ्यास करणारा होता. दुसरी जागा शेपटीचं मूळ. तिथल्या मणक्यांची रचना अशी आहे की मांडी मागे खेचणारा स्नायू अवाढव्य असणार. २०११ मध्ये स्कॉट पर्सन्स आणि फिलिप करी यांनी एकेका पायामागे तो १११ ते १३७ किलोंचा असावा असा हिशेब मांडला. म्हणजे शेपूट बुंध्याशी सरड्यासारखी बारीक नको, भरदार हवी. पायाचे पंजे मात्र कुठल्याच फिगरचे तपासू नका, कारण त्या एकमेव सांगाड्यात मागचे पंजे आणि शेपटीचा बहुतेक मागचा भाग मिळालेलाच नाही. तिथे प्रत्येक शिल्पकार नातलग प्राण्यांवरून उसनं घेतो.

आणि शिंगं. खरं शिंग डोळ्याच्या वर, साधारण १५ सेंटिमीटर लांब, शंकूसारखं, बाहेर आणि किंचित वर रोखलेलं. जिवंतपणी त्यावर गाईबैलांच्या शिंगासारखं कवच असणार, त्यामुळे थोडं अधिक लांब. आता प्रमाण बघा. जनावर साडेसात ते आठ मीटरचं होतं. वीतभर फिगर म्हणजे साधारण चाळिसावा हिस्सा. त्या मापाने शिंग ४ मिलिमीटरसुद्धा भरत नाही, आणि पाठीवरचा ५ सेंटिमीटरचा उंचवटा भरतो सव्वा मिलिमीटर. बारीक खवले तर डोळ्यांना दिसायलाच नकोत. म्हणून खेळण्यांत शिंगं आणि खवले नेहमी मापाबाहेर मोठे केलेले असतात. आमच्या गणपतीच्या कामातही पाच इंची मूर्तीला डोळे प्रमाणापेक्षा मोठेच आखतात, नाहीतर पाटावर ठेवल्यावर चेहरा दिसतच नाही. ती चूक नसते, ती कलाकाराची गरज असते. शिंग ठळक दिसलं की मुलाला कार्नोटॉरस ओळखता येतो.

यावरूनच तुमच्या तुटलेल्या टोकाकडे येऊ. ते नक्की तुटलंय का, हे आधी बघा. मुलांच्या खेळण्याला टोकदार टोक चालत नाही, म्हणून शिंगं मुद्दाम बोथट ओततात. उजवं शिंगही गोलसर असेल तर डावं फक्त झिजलेलं असू शकतं. तुटलेली जागा सपाट किंवा खडबडीत असते आणि तिथे आतल्या प्लॅस्टिकचा कच्चा रंग दिसतो. झिजलेल्या जागेला हात लावला तर ती गुळगुळीत असते, रंग कडेकडेने पातळ होत गेलेला असतो.

तुटलंच असेल, तर माझी पद्धत सांगतो. मोडलेल्या जागेवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या. दोन भागांची एपॉक्सी पुट्टी मिसळून तांदळाच्या दाण्याएवढी घ्या आणि शिंगाच्या बुडख्यावर टोपणासारखी बसवून टोकाला आकार द्या. उजव्या शिंगाकडे बघत बघत. बोट ओलं ठेवा म्हणजे पुट्टी बोटाला धरत नाही. व्हॅसलिनमुळे ती बुडख्याला चिकटणार नाही. पूर्ण वाळल्यावर टोपण हलकेच सुटतं. ते बाजूला घेऊन रंगवा, बुडख्यावरचं व्हॅसलिन पुसून घ्या आणि मेणाच्या मोहरीएवढ्या ठिपक्याने टोपण बसवा. कुणाला दाखवायचं असेल तेव्हा शिंग पूर्ण, आणि कुणा अभ्यासकाला मूळ स्थिती बघायची असेल तर टोपण निघतं. मूळ प्लॅस्टिकला काहीही झालेलं नसतं. थेट गोंदाने चिकटवलेलं टोक एकदा पडलं की मुळाचा तुकडा घेऊन पडतं, हे मी बऱ्याच फिगरांवर पाहिलंय.

चिकटपणा. हा तोच पाझरणारा द्रव. तो थांबवता येत नाही, पुसत राहावा लागतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, लहान बाळाचा मऊ टूथब्रश, आणि खवल्यांच्या दिशेने हलक्या हाताने. आधी पोटाखाली, न दिसणाऱ्या जागी करून बघा, रंग सुटतोय का. फिगर पोकळ असेल, म्हणजे पोट दाबल्यावर आत दबत असेल, तर भोकांतून पाणी आत जाऊ देऊ नका. आत राहिलेलं पाणी पावसाळाभर वास मारतं. नंतर साध्या पाण्याने दोनदा, आणि पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर यांतलं काहीही लावू नका. चिकटपणा जाईल, त्याबरोबर डोळ्याचा रंगही जाईल. काही जण टाल्कम पावडर चोळतात. हाताला छान लागतं, पण ती पावडर चिकट द्रवात मिसळून फटींत लापशीसारखी बसते आणि पुढच्या माणसाला सुईने काढावी लागते. तो पुढचा माणूस बहुतेक वेळा मीच असतो, म्हणून कळकळीने सांगतो, नको.

झिपच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणं हाही मोठा घोटाळा. पाझरलेला द्रव तिथेच कोंडून राहतो आणि सगळं अंग गुळासारखं होतं. आपल्याकडच्या पावसात तर कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर त्यावर बुरशीही धरते. काचेचं कपाट असेल तर दार थोडं किलकिलं राहू द्या. मूळ खोका जपून ठेवा, पण वेगळा, सिलिका जेलची पुडी घालून, कारण पुठ्ठ्याला कसर लागते. पश्चिमेच्या खिडकीजवळची फळी टाळा. एप्रिल-मेच्या दुपारी तिथे जे होतं, त्यानेच तुमचा कार्नोटॉरस झुकलाय.

आता झुकण्याचा इलाज. दोन पायांवर उभ्या मांसाहारी डायनासोरचं हे जुनं दुखणं आहे. डोकं आणि धड पुढे, घोटे काडीसारखे, आणि मऊ पीव्हीसी उष्णतेने नमतं. म्हणूनच जुन्या काळी शेपूट टेकवून तिवईसारखं उभं करत, नंतर पंजे मोठे करू लागले. अलीकडे पीएनएसओसारख्या चिनी कंपन्या मोठ्या मांसाहारींबरोबर पारदर्शक टेकू देतात, जो मला सगळ्यांत शहाणपणाचा उपाय वाटतो.

पातेल्यात पाणी तापवा. तळाला बारीक बुडबुडे धरू लागले, पण उकळी आली नाही, तेव्हा गॅस बंद. फक्त पाय घोट्यापासून मांडीपर्यंत बुडवा, तीस ते चाळीस सेकंद. धड आणि डोकं पाण्याबाहेर. काढल्यावर पाय हाताला लवचिक लागेल. हवं त्यापेक्षा किंचित जास्त मागे वळवा, कारण थंड होताना तो थोडा परत येतो. तसाच धरून थेट बर्फाच्या पाण्यात घाला आणि निदान दोन मिनिटं हलवू नका. दोन्ही पाय एकदम करू नका. एकदा जमलं नाही तर तासाभराने पुन्हा करा; पाणी आणखी गरम करून नाही. जुन्या रंगाला उकळतं पाणी सोसत नाही. आणि एवढं करूनही पुढच्या उन्हाळ्यात तो परत झुकणार, त्यामुळे छातीखाली अॅक्रिलिकची पारदर्शक काडी किंवा साधा टेकू कायमचा द्या. तुमच्याकडे काचेच्या बांगड्या ठेवायचा पारदर्शक स्टँड असेल तर त्याचा तुकडाही चालतो.

रंग घासला गेलाय तो तसाच ठेवा. नुसतं रंगवायचंच असेल, तर स्वस्तातली तशीच एखादी फिगर घेऊन तिच्यावर हात साफ करा, मुलीबरोबर. अॅक्रिलिक रंगच घ्या. घरात दाराखिडक्यांसाठी असतो तो ऑइल पेंट आणि स्प्रेचे डबे मऊ पीव्हीसीवर महिनोन्‌महिने वाळत नाहीत. बोट लावलं की ठसा उठतो.

खरा की नक्कल? फोटोत पोटावर मला फक्त ते गोलातलं 'सी', म्हणजे कॉपीराइटची खूण, आणि १९९ एवढंच वाचता येतं, चौथा आकडा झिजलाय. यावरून मी कंपनी सांगणार नाही. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पोटाला अगदी कडेने, जमिनीसारखा आडवा धरा. उथळ अक्षरांच्या सावल्या पडतात आणि झिजलेलंही वाचता येतं. तरी नाही दिसलं, तर पतंगाचा पातळ कागद ठेवून वर मऊ पेन्सिल हलकी फिरवा. पोटाबरोबर तळपाय आणि शेपटीची खालची बाजूही बघा. एक लक्षात असू द्या, ते वर्ष साच्याच्या हक्काचं असतं. तोच साचा पुढे कित्येक वर्षं वापरतात, त्यामुळे १९९६ छापलेली फिगर २००३ मध्ये ओतलेली असू शकते. आणि 'चायना' वाचून निराश होऊ नका. अमेरिकी, जर्मन, फ्रेंच, बहुतेक सगळ्या कंपन्यांचं उत्पादन तिथेच होतं.

१९९० च्या दशकात अमेरिकेतून आलेला म्हणता, तर त्या काळात तिथे दोन मालिका खास होत्या. एक पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाबरोबर सफारी लिमिटेडने काढलेली, १९८८ ते २०१५ चाललेली, तिचं बरंचसं शिल्पकाम फॉरेस्ट रॉजर्स यांचं. दुसरी बोस्टनच्या सायन्स म्युझियमसाठी बॅटॅट कंपनीने केलेली, कमी काळ टिकलेली आणि म्हणून आज संग्राहक जिच्यामागे असतात ती. दोन्हींत कार्नोटॉरस होता. दोन्हींत संग्रहालयाचं किंवा कंपनीचं नाव अंगावर असतं, म्हणून टॉर्चचा प्रयोग महत्त्वाचा.

अक्षरं मिळालीच नाहीत तर साचा बोलतो. मूळ फिगरवरून दुसरा साचा काढला की दोन गोष्टी होतात: नक्कल किंचित लहान भरते, कारण ओतलेलं प्लॅस्टिक निवताना आकसतं, आणि सगळ्या कडा विरघळल्यासारख्या मऊ होतात. पेणला आम्ही हे रोज बघायचो. दुसऱ्याच्या मूर्तीवरून चोरून काढलेल्या साच्यातली मूर्ती मुकुटाच्या कळसांवरून ओळखू यायची, तिथले कंगोरे बसलेले असायचे. तुमच्या कार्नोटॉरसचं तोंड बघा. दात एकेक सुटा आहे की दातांच्या जागी एक पांढरी पट्टी आहे? ओठाच्या कडेला रंग बाहेर सांडलाय का? मांडीच्या आतून जाणारी साच्याची शिवण घासून घेतलीय की पातीसारखी उभी आहे? आणि पोटावर, जिथे अक्षरं असायला हवीत, तिथे एखादा चौकोनी खोलगट भाग आहे का? नक्कल करणारे नाव घासून टाकतात आणि फक्त देशाचं नाव ठेवतात. तुमच्या फोटोत दात सुटे दिसतात आणि डोळ्यात वेगळा चकचकीत थेंब आहे. माझा कल ती अस्सल असण्याकडे आहे.

किमतीचं थोडक्यात. विक्रीला लावलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष विकले गेलेले बघा, आणि तेही तुमच्यासारख्या अवस्थेतले. चिकट अंग आणि तुटलेलं शिंग यांनी भाव बराच उतरतो. नव्याने रंगवलेल्याचा त्याहून खाली जातो. मामांनी आणलेली वस्तू विकायचा विचार असेल तर मी अडवणार नाही, पण मुलीला विचारून करा. नवी जोडीदार फिगर परदेशातून मागवणार असाल तर आधी आयात शुल्क तपासा. २०२० मध्ये खेळण्यांवरचं शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून इथे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण लागते. पार्सल सुटताना फिगरच्या किमतीइतका खर्च वर आला, अशी वेळ माझ्या ओळखीच्या दोघांवर आलीय.

जोडीदाराबद्दल एक सुचवू? दुसरा कार्नोटॉरसच हवा असं नाही. राजासॉरस घ्या. कार्नोटॉरसच्याच कुळातला, आणि आपला. १९८२ ते १९८४ या काळात गुजरातमधल्या राहिओलीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी हाडं गोळा केली, आणि २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. त्याला दोन शिंगं नाहीत, कपाळावर एकच बुटका उंचवटा आहे. अर्जेंटिना आणि भारत एकेकाळी गोंडवना नावाच्या एकाच प्राचीन महाखंडात होते, म्हणून ही भाऊबंदकी. ज्या लमेटा खडकांत तो सापडला ते आपल्या विदर्भातही उघडे पडलेत. चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा डायनासोरच्या हाडांसाठी आणि दगड झालेल्या विष्ठेसाठी प्रसिद्ध आहे. कलेक्टा कंपनीने राजासॉरसची फिगर काढलेली आहे. मुलीला कपाळं शेजारी शेजारी ठेवून बघू द्या, एकीकडे दोन शंकू, दुसरीकडे एक ढेकूळ. तिने खवल्यांच्या ओळी पकडल्यात, तर इथेही ती काहीतरी पकडेलच.

शेवटी, मामांच्या जुन्या खोक्यातलं थर्मोकोल टाकण्याआधी त्याच्या खोबणीत, जिथे डोकं बसत होतं तिथे, नीट शोधा. शिंगाची टोकं बहुतेक वेळा तिथेच मोडून अडकलेली असतात, कणीएवढी, थर्मोकोलमध्ये रुतलेली. सापडलं तर मी सांगितलेलं पुट्टीचं टोपण करू नका. तो कण काचेच्या छोट्या बाटलीत घाला आणि टॉर्चच्या फोटोंबरोबर त्याचाही फोटो पाठवा.